बुचात रबर कमी, मोकळी जागा जास्त

मी केलेलं पहिलं बूच बाटलीतून आपणहून बाहेर आलं. सकाळी दाबून बसवलं होतं. जेवून परत आले तर कॉलर, म्हणजे बुचाची वरची रुंद कडा, आणि काच यांच्यात करंगळीचं नख जाईल एवढी फट. पुन्हा दाबलं, तासाभराने पुन्हा वर. गुळगुळीत, भरीव, खाली निमुळतं होत गेलेलं ते सिलिकोनचं बूच बाटलीच्या तोंडापेक्षा अर्धा मिलिमीटर जाड होतं. जाडी कमी पडतेय असं वाटून मी ती पाऊण मिलिमीटरवर नेली, तर ते आत जाईचना. रबर साच्यात दाबणाऱ्या प्रेसवरच्या काकांनी ते उचललं, दोन बोटांत चिमटलं आणि वरून फुगलेला भाग मला दाखवला. "अगं, रबर दबत नाही. इकडून दाबलंस की तिकडून निघतं. त्याला निघायला जागा कुठे ठेवलीस?"

बाटलीच्या तोंडात बसणारी ओतायची तोटी असो, पंप असो की उलट्या बाटलीखालचं मोजून ओतणारं माप असो, त्याचं लवचीक बूच करताना मी अजून तोच प्रश्न ड्रॉइंगला विचारते. पुढे जे लिहिलंय ते त्या प्रश्नाच्या वेगवेगळ्या ठिकाणच्या उत्तरांबद्दल आहे.

कॉर्कशी तुलना केली की मुद्दा लगेच कळतो. वाइनच्या बाटलीचं तोंड आतून साधारण १८.५ मिलिमीटर असतं आणि त्यात घालायचा नेहमीचा कॉर्क २४ मिलिमीटर जाड. यंत्राचे जबडे तो १६ मिलिमीटरच्या आसपास आवळतात आणि आत ढकलतात. एवढा आवळूनही तो लांबीला जवळपास वाढत नाही, कारण त्याच्या पेशींमध्ये हवा आहे आणि ती आकसते. रबराचं घनफळ मात्र कमी होत नाही. बाजूने आवळलं की ते लांबीला वाढतं, आणि वाढायला वाव नसेल तर दगडासारखं अडून बसतं. त्यातून बूच निमुळतं आणि ओलं असेल तर काचेचा दाब त्याला हळूहळू वर सरकवतो. माझं बूच याच कारणाने बाहेर येत होतं. म्हणून कॉर्कच्या आकाराची रबरी नक्कल करू नका.

आधी बाटली मोजा

व्हर्निअर, म्हणजे जबड्यांची मोजपट्टी, बाटलीच्या तोंडाशी लावून एक आकडा लिहिला म्हणजे मोजलं असं होत नाही. काचेच्या बाटलीचं तोंड आतून सरळ नळीसारखं नसतं. वाइनच्या बाटल्यांसाठी जी मापं रूढ आहेत, त्यांत तोंडाशी १८.५ मिलिमीटर, अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे, आणि ४५ मिलिमीटर खोलीवर २०, एक मिलिमीटर इकडेतिकडे, असं धरलेलं आहे. म्हणजे आत जाताना गळा रुंदावतो. व्हर्निअरचे वरचे जबडे फार खोल पोचत नाहीत, त्यामुळे आपल्याला दिसतो तो फक्त ओठ. टेलिस्कोपिक गेज, म्हणजे आत पसरून व्यास घेणारं साधन, असेल तर ३, १० आणि २० मिलिमीटर खोलीवर, प्रत्येक ठिकाणी काटकोनातल्या दोन दिशांना मोजा. गेज नसेल तर वेगवेगळ्या जाडीचे गोल दांडे खरादून घ्या आणि कोणता जातो, कोणता अडतो ते बघा. एकाच प्रकारच्या निदान वीस बाटल्या घ्या. सरासरी काढू नका. सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठं, हे दोनच आकडे तुमच्या कामाचे.

प्लॅस्टिकच्या सोड्याच्या बाटलीचं आटे असलेलं २८ मिलिमीटरचं तोंड आतून २१.७४ मिलिमीटर असतं. हे तोंड साच्यात अचूक बनतं, पण त्याची भिंत पातळ असते आणि आतून जोरात ताणली की आकार बदलते. अशा बाटलीला मी आत घुसणारं बूच देतच नाही. आटे आयते आहेत, त्यांच्यावर बसणारी टोपी करावी आणि तिच्या आत सपाट वॉशर ठेवावा. १८ पासून २२ पर्यंत सगळ्या बाटल्यांना चालणारं एकच बूच द्या, अशी मागणी दर वेळी येते. मी दोन मापं देते. जे सगळीकडे बसतं ते कुठेच नीट बसत नाही, आणि तक्रारी मात्र बूच करणाऱ्याकडे येतात.

झालरीचं गणित

भरीव बुचाऐवजी बारीक गाभा आणि त्याच्याभोवती पातळ गोल झालरी. ड्रॉइंगवर त्यांना फिन म्हणतात. झालर दाबली जात नाही, ती वाकते. वाकायला बळ कमी लागतं, आणि तोंड एक मिलिमीटरने लहानमोठं असलं तरी त्या बळात फार फरक पडत नाही. भरीव बुचात तोच एक मिलिमीटर म्हणजे 'जात नाही' पासून 'गळतं' पर्यंतचा सगळा प्रवास.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवते. तोंड १८ ते १९ मिलिमीटर. गाभा १५ धरला. मधल्या भोकात ८ मिलिमीटरची धातूची नळी बसणार आहे. ती घट्ट राहावी म्हणून भोक ७.२ ठेवलं. आता इथे बहुतेक जण फसतात, मीही फसले होते. नळी आत घातली की ते रबर कुठे जाणार? बाहेर. लांबी तेवढीच राहिली असं धरलं, तर १५ चा वर्ग २२५, त्यातून ७.२ चा वर्ग ५१.८४ वजा, उरले १७३.१६. त्यात ८ चा वर्ग ६४ मिळवला की २३७.१६. त्याचं वर्गमूळ १५.४. म्हणजे नळी घातल्यावर गाभा ०.४ मिलिमीटरने जाड झाला. ड्रॉइंगवर बूच बाटलीत छान बसलेलं दिसतं, कारण ड्रॉइंगमधल्या बुचात नळी नसते.

१५.४ गाभा आणि १८ चं तोंड, म्हणजे सगळ्यात लहान बाटलीत प्रत्येक बाजूला १.३ मिलिमीटर मोकळी जागा. वाकलेली झालर त्या जागेत मावली पाहिजे, म्हणून तिची जाडी १.३ पेक्षा बरीच कमी हवी. मी ०.९ घेते. गाभा जर १६ चा घेतला असता तर जागा ०.८ उरली असती आणि ०.९ ची झालर तिथे पाचरीसारखी अडकली असती. दिसायला झालरीचं बूच, वागायला भरीव. असे नमुने मी बाजारात पुष्कळ पाहिलेत.

झालरीचा बाहेरचा व्यास २०.५. नळी घातल्यावर त्याच हिशेबाने तो २०.८ च्या आसपास जातो. १८ च्या तोंडात एका बाजूला १.४ वाकणार, १९ च्या तोंडात ०.९. दोन्हीकडे टेकणार, दोन्हीकडे वाकणार. आता दोन झालरींमधलं अंतर. झालरीची उंची २०.५ वजा १५, भागिले २, म्हणजे २.७५. ती पूर्ण आडवी झाली तरी शेजारणीच्या अंगावर पडू नये म्हणून दोघींमध्ये साडेतीन ते चार मिलिमीटर ठेवा. चार झालरी पुरतात. मी एकदा हौसेने सात केल्या होत्या. गळती काही कमी झाली नाही, बूच काढताना मनगट मात्र दुखायचं.

झालर मुळाशी जिथे गाभ्याला मिळते तिथे ०.३ ते ०.५ मिलिमीटरची गोलाई द्या. सिलिकोन ताण सहन करतं, चीर नाही. मुळाशी टोकदार कोपरा ठेवला तर तीच पहिली चीर ठरते आणि मग झालर कागदासारखी सोलून निघते. टोकालाही धार नको, थोडं गोल असू द्या.

झालर कुठे बघते?

झालरी थोड्या वर, म्हणजे बाटलीच्या तोंडाकडे, झुकवल्या तर बूच आत सहज जातं. बाहेर ओढताना त्यांची टोकं काचेला पकडतात आणि झालर उघडायला बघते, त्यामुळे पकड वाढते. बहुतेक बुचं अशीच असतात आणि साध्या ओतायच्या तोटीला हे उत्तम.

पण आत वायूचा दाब असेल तर हीच झालर दगा देते. खालून आलेला दाब तिच्या बाहेरच्या अंगावर पडतो आणि तिला काचेपासून दूर ढकलतो. वायू हळूच निसटतो. तिथे सगळ्यात खालची एक झालर उलटी, म्हणजे खाली तोंड करून, ठेवावी लागते. मग दाब तिच्या आतल्या अंगावर येतो आणि तिला काचेवर दाबतो. जेवढा दाब जास्त, तेवढी ती घट्ट. बूच आत घालताना मात्र ही उलटी झालर दुमडते, म्हणून ती बाकीच्यांपेक्षा आखूड आणि थोडी जाड करा आणि बाहेरच्या कडेला उतार द्या. तीन प्रयत्नांत जमेल. पहिल्यात नाही.

फसफसणाऱ्या पेयाबद्दल आणखी एक हिशेब. १८.५ मिलिमीटर तोंडाचं क्षेत्रफळ २६९ चौरस मिलिमीटर. एक बार, म्हणजे साधारण वातावरणाएवढा, दाब असेल तर बुचाला २७ न्यूटन, म्हणजे पावणेतीन किलोच्या वजनाएवढा धक्का बसतो. शॅम्पेनसारख्या वाइनमध्ये ५ ते ६ बार दाब असू शकतो, म्हणजे सोळा किलोपर्यंत. हे काम झालरीच्या पकडीचं नाही. ओठाखाली अडकणारी धातूची पकड द्या आणि रबराला फक्त गळती अडवू द्या. ओल्या सिलिकोनवर भरवसा ठेवून तयार केलेलं बूच छताला लागलेलं मी बघितलंय. बाटलीवर कुणी वाकलं नव्हतं, हे नशीब.

हवेची वाट

पातळ पदार्थ बाहेर जायचा तर तेवढीच हवा आत आली पाहिजे. नाहीतर बाटली गुडगुड करते आणि धार तुटते. म्हणून बुचात दोन भोकं: एक धारेचं, एक हवेचं. हवेची नळी बाटलीत आतपर्यंत न्यावी. बाटली तिरकी केल्यावर ती धारेच्या तोंडापेक्षा वर येते, हवा तिच्या टोकातून शिरते, आणि बाटली भरलेली असो की निम्मी, धारेचा वेग बराचसा सारखा राहतो. सतराव्या शतकात फ्रान्सच्या मारियोतने समान धारेसाठी वर्णन केलेल्या बाटलीचं तत्त्व हेच आहे.

हवेची नळी किती बारीक असावी? पाणी २ मिलिमीटरच्या नळीत आपणहून १५ मिलिमीटर चढतं, ३ मिलिमीटरच्या नळीत १० मिलिमीटर. नळीच्या तोंडाशी अडकलेला थेंब बाहेर काढायला तेवढ्याच उंचीच्या पाण्याचा दाब लागतो. म्हणून शक्य असेल तिथे मी ३ च घेते. घट्ट सिरपसाठी तर हमखास, कारण तो वाळून बारीक नळी बंद करतो आणि लोक म्हणतात तोटी बिघडली.

दोन भोकं जवळजवळ असली की त्यांच्यामधली रबराची भिंत नळ्या घातल्यावर चिरडते. तिथे निदान २.५ मिलिमीटर जाडी ठेवा. १५ च्या गाभ्यात ८ ची नळी आणि शेजारी ४ ची नळी हे मावत नाही, करून बघा. मग हवेची नळी धारेच्या नळीच्या आतून न्या, किंवा धारेची नळी बारीक करा.

पंपाच्या बुचात हवेची वाट झडपेतून जाते. पातळ घुमट, साधारण ०.८ मिलिमीटर, आणि त्यावर एक सरळ चीर. आत निर्वात झालं की चीर उघडते, एरवी मिटलेली. चीर साच्यात करू नका, नंतर कोऱ्या पात्याने द्या, आणि तीही तयार बूच भट्टीत तापवून काढल्यावर. आधी कापलेल्या चिरा भट्टीत पुन्हा चिकटलेल्या मी पाहिल्यात. अशा बंद झडपेची एक खोड: फ्रिजमधली ४ अंशांवरची बाटली ३० अंशांच्या खोलीत ठेवली की आतली हवा फुगून दाब नऊ टक्क्यांच्या आसपास वाढतो. बुचावर पाव किलोचा धक्का येतो आणि पंपाच्या तोटीतून कुणी हात न लावता थेंब पडतात. रात्री ओट्यावर चिकट डाग दिसला तर मुंग्यांआधी हे तपासा.

थंडीत उलटं घडतं. सिलिकोन काचेच्या तीसेक पटीने आकसतं. १८ मिलिमीटरचं बूच २० अंशांनी गार झालं की सुमारे ०.१ मिलिमीटरने बारीक होतं. झालरीला त्याचं काही वाटत नाही. भरीव बुचाची पकड मात्र त्याने कमी होते.

कोणतं रबर, किती मऊ

मऊपणा शोअर ए मापात सांगतात. आकडा थोडाच वाढला तरी कडकपणा फार वाढतो. शोअर ४० च्या रबराचा लवचीकतेचा गुणांक साधारण १.७ मेगापास्कल, ५० चा २.५, ६० चा ३.६. म्हणजे ४० वरून ६० वर गेलात की त्याच झालरीला दुपटीहून जास्त बळ लागतं. मी ५० पासून सुरू करते. ४० ची झालर मऊ लागते पण नळी डुलते. ६० च्या झालरीला जाडी कमी करावी लागते आणि मग साच्यात ती भरत नाही.

सिलिकोन बहुतेक कामांना चालतं. वास नसतो, उकळत्या पाण्याला दाद देत नाही. प्लॅटिनमने जोडलेलं घ्या, पेरॉक्साइडवालं स्वस्त असलं तरी त्याचा वास काढायला भट्टी जास्त खर्ची पडते. दोन्हींना मी २०० अंशांवर ४ तास ठेवते. ग्राहकांच्या आरोग्याचे धोके तपासणाऱ्या जर्मनीच्या बीएफआर या संस्थेची शिफारस अशी की तेवढ्या वेळात उडून जाणारा भाग वजनाच्या ०.५ टक्क्यांहून जास्त नसावा. हे घरच्या बारीक तराजूवरही तपासता येतं. अमेरिकेत माल जाणार असेल तर पुरवठादाराकडून २१ सीएफआर १७७.२६०० चं पत्र मागा, वारंवार वापरायच्या रबरासाठीचा तो नियम आहे.

सिलिकोनची दोन दुखणी आहेत: वायू त्यातून पाझरतो, आणि ते वास धरून ठेवतं. सोडा आठवडाभर टिकवायचा असेल तर ब्यूटाइल रबराकडे बघा. टीपीई, म्हणजे तापवून वितळवता येणारं रबरासारखं प्लॅस्टिक, साच्यात झटपट निघतं, पण बाटलीत दाबून ठेवलं की दाबलेलाच आकार धरतं. महिन्याने बाहेर काढलं तर झालरी वाकलेल्याच राहतात.

साचा, आणि माझी अर्ध्या मिलिमीटरची चूक

साच्याचे दोन अर्धे उभे जोडले तर जोडाची रेघ वरपासून खालपर्यंत प्रत्येक झालरीवरून जाते. ती रेघ म्हणजे गळतीसाठी खणलेला पाटच. साचा आडवा उघडा, रेघ कॉलरच्या कडेवर ठेवा, आणि बूच साच्यातून ओढून काढा. रबर आहे, झालरी वाकून निघतात.

नमुना मी त्रिमितीय छपाईच्या साच्यात ओतते. रेझिनचा साचा असेल तर आधी स्वच्छ धुऊन, प्रकाशात आणि भट्टीत पूर्ण पक्का करा, नाहीतर प्लॅटिनम सिलिकोन त्याला लागून चिकटच राहतं. गंधकही त्याचा शत्रू आहे. लॅटेक्सचे हातमोजे घालून मी एक अख्खी बॅच बिघडवली आणि दोन दिवस मिश्रणाचं प्रमाण तपासत बसले होते.

त्याहून मोठी चूक अशी. खोलीच्या तापमानाला जमणारं सिलिकोन जेमतेम ०.१ टक्का आकसतं. माझे नमुने २०.५ चे भरले, बाटलीत झकास बसले, तेच माप मी पोलादी साच्यासाठी दिलं. गरम प्रेसमध्ये बनणारं सिलिकोन अडीच-तीन टक्के आकसतं, भट्टीत आणखी थोडं. बुचं आली २० ची. काकांनी एक उचललं, बाटलीत टाकलं, बाटली उलटी केली आणि काही न बोलता माझ्याकडे बघितलं. साचा मोठा करता येतो, म्हणून निभावलं. उलट झालं असतं तर पोलाद परत भरता येत नाही. तेव्हापासून पहिला पोलादी साचा एकाच खणाचा, म्हणजे एका वेळी एकच बूच देणारा, करते आणि आकसणं मोजून मगच बाकीचे खण खोदायला देते.

तपासणी

पाण्याने तपासून समाधान मानू नका. ४० टक्के मद्यार्क असलेल्या पेयाचा पृष्ठताण पाण्याच्या निम्म्याहून कमी असतो, जिथे पाणी थांबतं तिथून ते झिरपतं. मी ४० टक्के मद्यार्काचं पाणी रंगवते, बाटली उलटी टांगते, खाली टिपकागद. चोवीस तास. कागदावरचा डाग झालरीवरून आलाय की नळीच्या भोकातून, हे कळायला दोन्हीकडे वेगळे कागद.

पकड मोजायला सामान मोजायचा स्प्रिंग काटा पुरतो. नळीला दोरी बांधून सरळ वर ओढा. दोन ते तीन किलोला निघालं तर मी खूश. कोरडं एकदा, ओलं एकदा. ओलं असताना आकडा निम्मा झाला तर झालरी पुरेशा वाकत नाहीत.

मग बूच बाटलीत बसवून ७० अंशांच्या भट्टीत २२ तास. काढल्यावर अर्धा तास थांबून झालरीचा व्यास मोजा. वाकण्यातला किती भाग परत आला नाही ते लिहा. पाचव्या हिश्शापर्यंत मी चालवून घेते.

सगळ्यात कठोर परीक्षा सिरपची. बूच सिरपात बुडवून बाटलीत घाला आणि आठवडाभर विसरा. साखर वाळून झालरी काचेला चिकटतात. सरळ ओढलं तर झालर मुळातून फाटते, म्हणून कॉलरला एक बाहेर आलेली जीभ ठेवा, म्हणजे माणूस आधी एका बाजूने उचकटेल. कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवून मग काढा, हे सोबतच्या कागदावर छापा. लोक वाचत नाहीत, ते गृहीत धरून आठवड्यानंतरचं पहिलं ओढणं मी नेहमी कोरडंच करते.

फाटलेली बुचं टाकू नका. माझ्याकडे पत्र्याच्या डब्यात आहेत, प्रत्येकावर पेनाने तारीख, शोअर आणि कोणत्या बाटलीत फाटलं ते. आपणहून वर आलेलं ते पहिलं बूचही त्यात आहे. नवीन मुलगी कामाला आली की काका तेच तिच्या हातात देतात आणि म्हणतात, "चिमट बघू."